उद्यापर्यंत बसू

४ जुलै

दादा,

तुझा पत्ता मी आईच्या पाकिटातून चोरला. चोरी म्हणजे अशी, की आईनं पाकीट माझ्यासमोर उघडं टाकलं, कागद अर्धा बाहेर काढून ठेवला आणि "पाणी आलं का बघते" म्हणून मोरीत जाऊन दहा मिनिटं उभी राहिली. परत आल्यावर म्हणाली, "झालं का?" मी म्हटलं, "काय?" ती म्हणाली, "काही नाही."

दर रविवारी तुझा फोन येतो तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात असते. आई विचारते, "ही इथंच आहे, देऊ का?" आणि लगेच म्हणते, "बरं बरं, कामात असशील." चौदा महिने तू कामात आहेस. असो. जे झालं ते झालं, त्याबद्दल मी लिहीत नाहीये. मी लिहितेय कारण मला नोकरी लागली.

विद्यापीठात! शिकवायची नाही, त्याला अजून बरंच शिकावं लागेल. विद्यापीठाचा एक सुलभता कक्ष आहे, तिथं. नोट्स, पुस्तकं, वेबसाइट, व्हिडिओ, अर्ज, जे जे म्हणून पडद्यावर येतं ते ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा ज्यांचे हात चालत नाहीत, त्यांनाही वापरता आलं पाहिजे. ते तसं करून देणं हे आमचं काम. घरी हे समजावताना माझी दमछाक झाली. शेवटी बाबांनी शिलाई मशीनवरून मान वर न करता विचारलं, "म्हणजे अल्टरेशनच ना? तयार कपडा ज्याच्या अंगाला बसत नाही, त्याला बसवून द्यायचा." मी म्हटलं, "हो, तसंच." तर म्हणाले, "मग त्यांना सांग, कापतानाच आत माया सोडा, थोडं जास्तीचं कापड. नंतर उसवत बसायला लागत नाही." दादा, आमच्या कक्षाच्या भिंतीवर नियमांचा मोठा तक्ता आहे, त्यात हेच एकोणीस ओळींत लिहिलंय.

आमची खोली ग्रंथालयाच्या तळघरात आहे. सत्तावीस पायऱ्या. लिफ्ट तळमजल्यापर्यंत येते, त्याच्या खाली येत नाही. म्हणजे चाकाच्या खुर्चीवरच्या मुलांना आम्हाला भेटायचं असेल तर आम्हीच वर जातो. हसू नकोस. तू दुरुस्त करतोस त्या लिफ्टा कुठंपर्यंत जातात कोण जाणे. खोलीत दोन टेबलं आणि छताला लागून एक लांबट खिडकी आहे. तिच्यातून रस्त्यावरचे नुसते पाय दिसतात. आठवडाभरात मी तीन माणसं चपलांवरून ओळखायला लागले.

ओळखपत्र मिळालं त्या दिवशी आईनं ते गळ्यात घालून भाजी निवडली.

पत्र लांबलं. पण तुला नाही सांगायचं तर कुणाला सांगू? उत्तर लिही.

तुझी,
मास्तरीण
(नाव तूच ठेवलंयस, आता परत घेता येणार नाही)


१९ जुलै

दादा,

उत्तर नाही आलं. टपालाला वेळ लागतो, असं मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "टपालाला नाही लागत."

आज तुला कानसेनकाकांबद्दल सांगते. ते माझ्या समोरच्या टेबलावर बसतात. जन्मापासून दिसत नाही. आधी टेलिफोन केंद्रात होते. तिथं आवाजावरून माणसाचं वय, गाव आणि खोटं सगळं ओळखायचे, म्हणून हे नाव पडलं, आणि आता सगळी इमारत त्यांना तेच म्हणते. आम्ही जे जे दुरुस्त करतो ते तपासायचं काम त्यांचं. त्यांचा संगणक त्यांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो, पण इतक्या वेगानं की बाहेरच्याला वाटेल डबीत माशी अडकलीय. मध्येच ते म्हणतात, "पान चाळीस, तिसरी ओळ, इथं काहीतरी गिळलंस." आणि खरंच गिळलेलं असतं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पडदा बंद केला, माऊस काढून खिशात घातला. म्हणाले, "आता विद्यापीठाचा प्रवेशअर्ज भर. कानांनी." मला वाटलं, त्यात काय! दादा, चाळीस मिनिटं मी घाम पुसत होते. नाव भरलं, जन्मतारीख भरली. पुढं यंत्र म्हणालं, "बटण." पुढं गेले. "बटण." पुन्हा "बटण." कुठलं बटण कशाचं, ते कुणी आत लिहिलंच नव्हतं. डोळ्यांना दिसतं, कानाला नाही. मी देवाचं नाव घेऊन मधलं दाबलं. सगळा अर्ज पुसला गेला.

"अभिनंदन," काका म्हणाले. "तुमचा प्रवेश रद्द झालेला आहे."

त्या दिवशी मी ठरवलं, एकही बटण बिननावाचं ठेवायचं नाही. काका म्हणाले, "जरा दमानं घे. गेल्या खेपेलाही इथं एक क्रांती झाली होती." ती क्रांती कोपऱ्यात पडलेली आहे: वर्षभराची सगळी परिपत्रकं कुणीतरी खास काकांसाठी ब्रेलमध्ये छापून आणली होती, चार जाड गठ्ठे. काकांना ई-मेल पुरतो, तो संगणक वाचून दाखवतो. "मला विचारलं असतं तर सांगितलं असतं," ते म्हणाले. "पण इतक्या प्रेमानं आणलं होतं, की कुणाला विचारायचं सुचलंच नाही." त्या गठ्ठ्यांवर आता आमची चहाची किटली असते.

मी हे वहीत लिहून ठेवलं: आधी विचार. वहीत लिहून ठेवलं की मला वाटतं, आलं आपल्याला.

लिही ना दादा. बाबांचं मशीन मध्येच अडतंय. ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत, म्हणतात, "थोरल्यालाच माहितेय त्याचा रोग."

मास्तरीण


८ ऑगस्ट

दादा,

हे तिसरं पत्र. आता मलाच लाज वाटायला लागलीय. दोन ओळी खरडायला काय जातं रे? पोस्टकार्डावर "पोचलं" एवढं लिहिलंस तरी चाललं असतं. का माझ्यासाठी तेवढीही शाई नाही?

पण मी भांडायला लिहीत नाहीये, कामासाठी लिहितेय. खरंच कामासाठी.

आमच्याकडे एक दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे, यंत्रशास्त्राची. गेल्या वर्षात तिची नजर हळूहळू गेली, आता फक्त उजेड-अंधार कळतो. तिच्या सरांच्या नोट्स तीस वर्षांच्या आहेत, वह्यांची पानं तिरकी ठेवून काढलेले फोटो. एका पानावर चहाच्या कपाचा गोलसुद्धा आहे. सर म्हणाले, "या नोट्सवर पिढ्या घडल्यात." काका म्हणाले, "मग ऐकूया ना," आणि संगणकाला वाचायला लावलं. संगणक म्हणाला, "चित्र." मग म्हणाला, "चित्र." अठ्ठ्याऐंशी पानं तो तेवढंच म्हणणार होता. सरांनी सातव्या पानाला हात जोडले.

तो मजकूर मी महिनाभर टाइप केला, मथळे लावले, तक्ते मांडले. मजकुराचं काही नाही. अडलं आकृत्यांशी. सर तसे वाईट नाहीत, पण त्यांनी तिला विषय बदलायला सांगितलंय. म्हणाले, "बाळ, आकृती बघितल्याशिवाय यंत्र कळत नाही."

ती म्हणाली, "सर, यंत्राच्या पोटात अंधारच असतो. तिथं तुम्हाला तरी कुठं दिसतं?"

सर हसले. शेवटी ठरलं ते असं: सप्टेंबरच्या शेवटी ते तिची तोंडी परीक्षा घेणार, नवव्या प्रकरणावर. तिला ते यंत्र समजावून सांगता आलं तर ती वर्गात राहील, नाहीतर विषय बदलेल. आणि नववं प्रकरण आहे लिफ्टच्या आपत्कालीन ब्रेकचं.

मी त्या आकृतीचं वर्णन पाच वेळा लिहिलं. "उजव्या बाजूला वरती एक वर्तुळ, त्याच्या आत समोरासमोर दोन ठोकळे, वर्तुळाच्या कडेवरून एक उभी रेषा." काकांनी ऐकलं आणि म्हणाले, "वर्तुळ दिसलं, ठोकळे दिसले. लिफ्ट का थांबली?" मला कुठं माहीत? माझी पदवी आहे भाषेची.

मग मला आठवलं, मी सात वर्षांची असताना वीज गेली होती आणि तू मला अंधारात बाबांच्या मशीनवर हात ठेवून सांगितलं होतंस, दोरा वरून कुठून येतो, खालचा दोरा त्याला कसा भेटतो, टाका कसा पडतो. मला आजही मशीन डोळ्यांनी नाही, बोटांनी माहीत आहे.

सोबत आकृतीची प्रत जोडतेय. वेळ असेल तर तिच्याबद्दल चार ओळी लिही. माझ्यासाठी नको, त्या मुलीसाठी. आणि तेही नको असेल तर निदान नाही म्हण.

मास्तरीण


१७ ऑगस्ट

दादा,

हे पत्र छापील आहे.
अक्षर मोठं आहे.
ओळी छोट्या आहेत.
एका वेळी एकच गोष्ट.

का?

काकांनी विचारलं, "भावाचं उत्तर आलं?"
मी म्हटलं, "नाही. त्याला वाचायचा कंटाळा आहे. लहानपणापासून."
काका म्हणाले, "कंटाळा, की त्रास?"
काकांनी विचारलं, "किती लिहितेस त्याला?"
मी म्हटलं, "चार-पाच पानं."
"सलग? हातानं? बारीक?"
"हो."
काका म्हणाले, "मला असं काही पाठवलं असतंस, तर मी परत केलं असतं."

मी डॉक्टर नाही.
तुझ्या त्रासाला मी नाव देणार नाही.
पण आमच्याकडे अशी मुलं येतात.
हुशार मुलं.
त्यांच्यासमोर अक्षरं स्थिर राहत नाहीत.
मी त्यांच्यासाठी दिवसभर पानं सुटसुटीत करते.
आणि घरी येऊन तुला गच्च पानं लिहिते.
वर तुलाच टोमणा मारते.

दुसरी गोष्ट

"जे झालं ते झालं" असं मी लिहिलं होतं.
ते झालं नव्हतं. ते मी केलं होतं.

आमच्या कामात चित्राचं वर्णन लिहावं लागतं.
काकांचा नियम आहे:
जे दिसतं ते लिही. जे दिसायला हवं होतं, ते नको.

घरातल्या त्या फोटोचं वर्णन मी आज लिहिलं.
माझ्या पदवीच्या दिवसाचा फोटो.
आई तो सगळ्यांना दाखवते.

चित्र: एक छोटी खोली. दहा-बारा माणसं हसताहेत. मध्ये एक मुलगी. तिच्या हातात पदवीचं प्रमाणपत्र. तिनं ते नुकतंच कुणाच्या तरी हातातून ओढून घेतलं आहे, कारण कागदाचा एक कोपरा दुमडलेला आहे. उजव्या कडेला एका उंच माणसाची पाठ. त्याचा हात अजून कागद धरल्यासारखा आहे. तो दाराकडे निघाला आहे.

आत्या म्हणाली होती, "थोरल्यानं वाचून दाखवावं."
तू उभा राहिलास.
तू दोन शब्द वाचलेस.
तिसऱ्यावर थांबलास.
मी म्हटलं, "दे इकडे. नाहीतर उद्यापर्यंत इथंच बसू."
सगळे हसले.
तूही हसलास.
सकाळी तुझी बॅग नव्हती.

तू नववीत शाळा सोडलीस आणि कामाला लागलास.
त्यावर माझी फी भरली गेली.
घरातली पहिली पदवी मला मिळाली.
आणि मी ती तुझ्याच हातातून ओढली.

तिसरी गोष्ट

माझं चुकलं.

उत्तर नको असेल तर नको.
आकृतीचंही राहू दे.


२ सप्टेंबर

दादा,

रविवारी तुझा फोन आला नाही, म्हणून आई दिवसभर भांडी आपटत होती. संध्याकाळी तिच्या मोबाइलवर काहीतरी वाजलं. "बघ गं, काय आलंय." तुझा आवाज होता. अकरा मिनिटं! मला ते खोलीत नेऊन एकटीनं ऐकायचं होतं, पण आईनं आधीच स्पीकर लावला होता आणि बाबांनी मशीन थांबवलं होतं. तेव्हा तू काय बोललास ते आता घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. कोण कुठं काय म्हणालं, ते तुला सांगते.

तू म्हणालास, "पहिलं पत्र वाचायला नऊ दिवस लागले. जेवण झालं की रोज अर्धं पान. खाली पट्टी धरून." आई खुर्चीवर बसली.

तू म्हणालास, "दुसरं सात दिवसांत झालं. तिसऱ्यातला टोमणा मात्र पहिल्याच दिवशी वाचला. टोमणे मला पटकन वाचता येतात." बाबा हसले आणि मग चष्मा पुसायला लागले.

तू म्हणालास, "आणि हे चौथं काय पाठवलंस? पाकीट उघडलं तर वाटलं, घर खाली करायची नोटीस आली. छापलेलं माझ्यासमोर पळतं गं, तुला माहीत नाही का? तुझं अक्षर पळत नाही. तू पाटीवर गिरवायचीस तेव्हापासून ते मी बघतोय, ते एकच ओळखीचं आहे. शेवटी घरमालकीणबाईंकडून वाचून घेतलं. त्यांनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मी सांगितलं नव्हतं."

दादा, इथं मी तोंड लपवलं. तुझी घरमालकीण! माझी माफी तिच्या तोंडून! आई म्हणाली, "बाई चांगली दिसतेय." आणि तू पुढं सांगितलंस की ती आता रोज जिन्यात तुला अडवून विचारते, "लिहिलंत का त्या मुलीला?"

सोमवारी हे सगळं मी कानसेनकाकांना सांगितलं. नियम पाळून मोठं अक्षर, सुटसुटीत ओळी, छापील, सगळं सगळं केलं, आणि ज्या एका माणसासाठी केलं त्याला नेमकं तेच वाचता आलं नाही. काका इतके हसले की चहा ब्रेलच्या गठ्ठ्यावर सांडला. म्हणाले, "तू त्याला विचारलं होतंस का?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "मग ये. तुझाही गठ्ठा इथंच ठेवू."

आणखी दोन गोष्टी.

एक. तू म्हणालास, "तुमच्या तळघराचं काय घेऊन बसलीस? तळघर असेल तिथं लिफ्ट बहुतेक खालपर्यंत बसवलेली असते. दाराशेजारच्या बटणांच्या पट्टीवर खाली बारकं कुलूप असेल. चावी फिरवली की खालचा मजला चालू होतो. चावी कुणाकडे आहे, ते विचार." मी विचारलं. चावी पहारेकऱ्याच्या खणात होती, नऊ वर्षं. तो म्हणाला, "मला काय माहीत कशाची आहे? कुणी मागितलीच नाही." काल पहिल्यांदा एक चाकाची खुर्ची आमच्या खोलीत आली. तिच्यावरचा मुलगा म्हणाला, "इथं इतका पसारा असतो?" पण मला सगळ्यात जास्त काय वाटलं सांगू? ते कुलूप तुला माझ्या पहिल्या पत्रातल्या एका ओळीवरून सुचलं. म्हणजे तू ओळ न ओळ वाचलीस. तुझ्याइतकं नीट मला आजवर कुणी वाचलेलं नाही.

दोन. आकृती. तिच्याबद्दल तू सांगितलंस ते मी जसंच्या तसं, तुझ्याच शब्दांत लिहून काढलं आणि नवव्या प्रकरणात घातलं. सोबत तुझा आवाजही जोडला. हे असं आहे, बघ बरोबर आहे का:

"उठ. उभी राहा. हात सैल सोड आणि स्वतःभोवती गोल फिर. हळू फिरलीस तर हात खाली राहतात. जोरात फिरलीस की उचलले जातात. तू उचलत नाहीस, ते आपोआप जातात. लिफ्टच्या वरच्या खोलीत एक चाक असतं, त्यावरची दोरी लिफ्टला बांधलेली. लिफ्ट पळेल तसं चाक पळतं. चाकावर दोन वजनं आहेत, ते तुझे हात. लिफ्ट बेफाम सुटली की वजनं बाहेर फेकली जातात आणि खटक्याला लागतात. खटका दोरी धरतो. दोरी थांबली, पण लिफ्ट अजून खाली चाललीय. मग थांबलेली दोरी लिफ्टखालच्या पाचरी वर ओढते आणि पाचरी दोन्हीकडचे रूळ घट्ट धरतात. कुणी बटण दाबत नाही, कुणी ओरडत नाही. पडणारी लिफ्ट स्वतःच्याच वेगानं थांबते."

काकांनी एकदाच ऐकलं. नेहमीच्या वेगानं नाही, साध्या वेगानं. म्हणाले, "थांबली."

यात काही बदलायचं असेल तर सांग. आणि मला हे सांग, यापुढं कसं लिहू? हातानं, हे कळलं. पण अक्षर एवढंच चालेल का? ओळींत जास्त जागा सोडू? पानं कमी करू? मी काही ठरवणार नाही.

मास्तरीण


५ ऑक्टोबर

दादा,

तुझा निरोप मिळाला: "अक्षर तेवढंच. पानं कमी करशील तर बघ. मग मी जेवणानंतर काय करू?" म्हणून आज मुद्दाम लांब लिहितेय. पुरवून पुरवून वाच.

परीक्षा झाली. सरांनी आमच्याच तळघरात घेतली, म्हणाले, "तिथं लिफ्ट येते म्हणे आता." ती मुलगी उभी राहिली. सरांनी विचारलं, "लिफ्ट सुटली. आता काय होईल?" ती म्हणाली, "सर, जरा मागं सरका." आणि हात सैल सोडून गोल फिरायला लागली. आधी हळू. मग जोरात. तिचे हात उचलले गेले, एक हात टेबलाला लागला, कप पडला. ती थांबली नाही. फिरता फिरता दोरी, खटका, पाचरी, रूळ, सगळं सांगितलं, आणि शेवटी एकदम उभी राहिली, धापा टाकत.

सरांनी पडलेला कप उचलून ठेवला. मग म्हणाले, "तीस वर्षं मी हे फळ्यावर काढतोय." पुढं हळूच विचारलं, "हे समजावलंय कुणी? कुठल्या विद्यापीठाचे?"

काका म्हणाले, "लिफ्टदुरुस्तीवाले आहेत. हिचे थोरले बंधू."

सरांनी वही काढली, "प्रकरण दहा, अकरा आणि चौदा" असं लिहिलं, आणि म्हणाले, "त्यांना विचाराल का? वेळ असेल तर." बघ, त्यांनीसुद्धा विचारलं. आकृत्या सोबत आहेत. नाही म्हणायचं असेल तर निःसंकोच म्हण. नवव्या प्रकरणाच्या खाली तुझं नाव घालायचं आहे, तेही तुला विचारूनच. आईला विचारलं असतं तर तिनं ते मुखपृष्ठावर घालायला सांगितलं असतं.

ती मुलगी वर्गात राहिली. जाताना तुला निरोप दिला: "दादांना सांगा, आता मला कुठल्याही लिफ्टमध्ये भीती वाटत नाही. पण चक्कर अजून येते."

आता तुझ्या निरोपातल्या शेवटच्या वाक्याबद्दल. ते मी इतक्यांदा ऐकलंय की मोबाइल गरम झाला. "पुढच्या महिन्यात चार दिवस रजा आहे. येतो. त्या दिवशीचं ते वाचायचं राहिलंय, ते वाचतो. पण मध्ये कुणी बोलायचं नाही."

दादा, घरात तेव्हापासून काय चाललंय सांगू? बाबांनी भिंतीवरचं प्रमाणपत्र उतरवून काच पुसली, परत लावलं आणि आता रोज बघतात वाकडं तर नाही ना. मशीनला मात्र हात लावलेला नाही, ते तुझ्यासाठी तसंच अडलेलं ठेवलंय. आईनं आत्याला फोन केला. आत्या म्हणाली, "पुन्हा वाचायचंय? पण ते तर हिनं तेव्हाच वाचलं ना?" आई म्हणाली, "नाही वन्सं, ते राहिलंय. या. आणि येताना अंथरूण-पांघरूण घेऊन या."

प्रमाणपत्रावरची अक्षरं छापील आहेत, वळणावळणाची, खरं सांगायचं तर मलाही त्रास देतात. मी त्याची एक प्रत हातानं लिहून ठेवलीय, माझ्या अक्षरात, साध्या कागदावर. काचेतलं वाचायचं की ही, ते तू ठरव. मी दोन्ही टेबलावर ठेवीन आणि गप्प बसेन. मला गप्प बसता येतं, हे तुला अजून माहीत नाही. काका शिकवताहेत.

तू उभं राहून वाच, बसून वाच, मध्ये पाणी पी, तिसऱ्या शब्दावर हवं तितकं थांब. कुणालाही कुठंही जायचं नाहीये. आपण उद्यापर्यंत बसू.

तुझी,
मास्तरीण